पूर येण्याआधीचा हिशोब: ‘वाईटात वाईट काय होईल’ हे धरून निर्णय घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की ओळखीपाळखीतून तेच ते प्रश्न यायला लागतात. कुणी हरिपूरचं असतं, कुणी शिरोळकडचं, कुणी कोल्हापुरात नदीकाठच्या गल्लीत भाड्यानं राहणारं. माझं घर सांगलीत, कृष्णेपासून चालत सात-आठ मिनिटांवर. २०१९ ला आमच्या घरात पाणी आलं आणि २०२१ ला पुन्हा आलं. या दोन खेपांना आम्ही वागलो मात्र अगदी वेगळं. तो फरक कशानं पडला, हे सांगता सांगताच खालची उत्तरं तयार झाली आहेत.

१. वाईटात वाईट काय होईल याचा विचार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

चित्र डोळ्यांसमोर आणायचं आणि त्याला तीन गोष्टी विचारायच्या. यात परत न मिळणारं काय जाईल? ते वाचवायला किती वेळ लागेल? तेवढा वेळ अजून हातात आहे, हे कोणत्या खुणेवरून कळेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तुमचा निर्णय झाला.

आमच्या घराचं चित्र असं आहे. रात्री दोनला पाणी गल्लीत शिरलंय, लाइट गेलीय, मोबाइलची बॅटरी संपलीय आणि आईला गुडघ्यांमुळे जिना चढता येत नाही. गाद्या, फ्रिज, धान्य पुन्हा घेता येईल, आई पुन्हा मिळणार नाही. तिला बहिणीकडे विश्रामबागला पोचवायला आवराआवरीसकट दोन तास लागतात आणि रिक्षा दारापर्यंत येते तोवरच ते जमतं. म्हणजे आमचा निर्णय नदीच्या उंचीपेक्षा त्या रिक्षावर जास्त अवलंबून आहे. हे आम्हाला २०१९ नंतर कळलं.

२. असं अभद्र कशाला बोलायचं? वास्तू तथास्तु म्हणते असं घरात सांगतात.

माझी आजीही हेच म्हणायची. पण तिच्याच घराचं जोतं रस्त्यापासून चार पायऱ्या उंच होतं, धान्याची कोठी माळ्यावर होती आणि पावसाळ्यात चुलीसाठीच्या गोवऱ्या-लाकडं आडव्या फळीवर रचलेली असायची. ती सगळी तयारी पुराची कल्पना करूनच केलेली होती. फक्त ते कुणी तोंडानं बोलत नव्हतं. घरात बोलून वाद होणार असेल तर कागदावर लिहा. लिहिणाऱ्याला चित्र स्पष्ट दिसलं तरी पुरे.

३. आमच्या घराला २००५ ला पाणी लागलं नव्हतं. तरी भीती धरायची का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. २०१९ ला या एका समजुतीनं जितकी माणसं घरात अडकवून ठेवली तितकी दुसऱ्या कशानंही नसतील.

आमच्या सोप्याबाहेरच्या भिंतीवर आजोबांनी गेरूनं ओढलेली एक रेघ होती. २००५ ला पाणी उंबऱ्याखालच्या पायरीवर थांबलं, तिथली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्या पायरीकडे यायला लागलं तेव्हा थोरले काका खुर्ची टाकून दारात बसले आणि प्रत्येकाला ती रेघ दाखवू लागले. “इथंच थांबतंय बघ.” आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. पाणी रेघेला लागलं, क्षणभरही न थांबता वर गेलं आणि घरात स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या शेगडीपर्यंत पोचलं. आम्ही आईला खुर्चीसकट उचलून शेजारच्यांच्या गच्चीवर नेलं. आठवड्यानं परत आलो तेव्हा ट्रंकेतले लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. आजीचं शिवणयंत्र गाळात आडवं पडलं होतं.

आकडे बघितले तर चूक लगेच दिसते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०१९ ला ५७ फुटांच्या वर. चार फुटांचा फरक. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर होती आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, तिनं ५६ फूट ओलांडले. जुनी खूण एवढंच सांगते की पाणी इथवर येऊ शकतं. त्याच्या वर येणार नाही असं ती कधीच सांगत नाही. आपण तिला छत समजलो, ती जमीन होती.

४. मग किती उंची धरायची? कल्पनेला काही अंत आहे का?

असायलाच हवा, नाहीतर माणूस काहीच करू शकत नाही. आम्ही आमच्या घराला लागलेल्या सर्वात वरच्या पाण्याच्या वर आणखी कंबरभर धरतो. हे शास्त्र नव्हे, आमचा ठरलेला अंदाज आहे. जलसंपदा खात्याच्या पूररेषाही बघून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की शंभर वर्षं सुट्टी, असा नाही. दरवर्षी तेवढी शक्यता असते. लागोपाठही येऊ शकतो.

५. नदी किती फुटांवर गेली की बाहेर पडायचं?

आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर त्या ३९ आणि ४३ फूट. पण हे आकडे अख्ख्या शहराचे आहेत. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरकडे इशारा पातळीच्या आसपासच पाणी दारात येतं, तर गावभागातल्या काही घरांना पन्नास फुटांपर्यंत कळतही नाही.

त्यामुळे स्वतःचा आकडा काढावा लागतो आणि तो काढताना बहुतेक जण घराचा उंबरा धरतात. चूक इथंच होते. बाहेर पडण्याचा रस्ता घराच्या आधी बुडतो. गल्लीच्या तोंडाशी जिथं खोलगट आहे, तिथं पाणी किती फुटांना येतं हे जुन्या माणसांना विचारा. त्यातून तीन-चार फूट वजा करा. तो तुमचा निघण्याचा आकडा. आमच्या गल्लीचं तोंड ४९ ला बुडतं, म्हणून आई ४५ ला निघते आणि आम्ही ४७ ला. हे कॅलेंडरच्या मागच्या पानावर स्केचपेननं लिहून ठेवलंय. ऐन वेळी चर्चा होत नाही, फक्त आकडा बघितला जातो. काकाही आता तो आकडाच बघतात.

रात्रीचा एक नियम जोडून ठेवा. अंधार पडताना पाणी चढतं असेल आणि तुमचा आकडा एक-दोन फुटांवर असेल, तर तो आलाच असं समजून उजेडातच निघा.

६. धरणातून इतके क्युसेक सोडले असे मेसेज येतात. त्यावरून काही ठरवता येतं का?

थोडंफार. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक सुटतात आणि असे सात दरवाजे आहेत. पण तुमच्या दारात काय होणार हे एकट्या धरणावर ठरत नाही. धरणाच्या खाली पडणारा पाऊस त्यात असतो, शिवाय फूग असते. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि वारणा भरून आली की सांगलीतलं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढतं. नृसिंहवाडीला पंचगंगा आणि कृष्णेचंही तेच.

२०२१ ला २२ आणि २३ जुलैला जे झालं ते लक्षात ठेवा. महाबळेश्वरला २४ तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि नद्या दोन दिवसांत झपाट्यानं चढल्या. अंदाज बांधत बसायला सवडच नव्हती. क्युसेकचे मेसेज तयारी सुरू करायला वापरा. निघण्यासाठी तुमचा आकडाच पाहा (प्रश्न ५).

७. आम्ही उंचावर राहतो, घरात पाणी येत नाही. आम्हाला याचा काय संबंध?

तुमचं वाईटात वाईट वेगळं आहे, एवढंच. २०१९ ला पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवावं लागलं. उपसा केंद्रं बुडाल्यामुळे, चारी बाजूंनी पाणी असलेल्या शहरात नळ कोरडे होते. म्हणजे तुमची यादी पिण्याचं पाणी, रोजची औषधं आणि हातात थोडी रोख रक्कम अशी होते. आणि एक खोली रिकामी करून ठेवा, कारण नदीकाठचे पाहुणे तुमच्याकडेच येणार.

८. तीनदा सामान हलवलं, तीनदा पाणी आलंच नाही. लोक हसतात. चौथ्यांदाही हलवायचं?

हो. पण ‘हो’ म्हणून हा प्रश्न उडवून लावता येत नाही. टेंपोचं भाडं, दोन दिवसांची मजुरी, लेकरांची आबाळ, नातेवाइकांकडे राहण्याचा संकोच हे सगळं खरं आहे. ते कागदावर मांडा. समजा एका खेपेला पाच हजार रुपये जातात. तीन खेपांचे पंधरा हजार. दुसऱ्या बाजूला न निघता पाणी आलं तर काय, ते लिहा. त्या बाजूला फक्त पैसे असतील, म्हणजे घर रिकामं आहे, माणूस नाही, जनावर नाही, तर चौथ्यांदा थांबण्याचा विचार जरूर करा. पण तिथं एकही जीव असेल तर दोन्ही चुका एका तराजूत बसतच नाहीत. पाच हजार पुढच्या हंगामात भरून निघतात.

हसणाऱ्यांबद्दल एक सांगतो. आमच्या गल्लीत २०२१ ला सर्वात आधी निघालं ते एक कुंभार कुटुंब. त्यांच्याकडे बघून दोघे हसले. संध्याकाळी ते दोघेही निघाले आणि त्याच कुटुंबानं शाळेत त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

खर्च कमी करण्याचा मार्ग म्हणजे टप्पे पाडणं. इशारा पातळीला कागदपत्रं आणि दागिने, त्यानंतर म्हातारी माणसं, मग आपण. सगळं घर एकदम हलवायची गरज क्वचितच पडते.

९. जनावरांचं काय करायचं? त्यांना सोडून पाय निघत नाही.

निघूही नये. म्हणूनच त्यांचा आकडा माणसांच्या आधीचा असतो. टेंपोत एका खेपेला दोन-तीनच म्हशी बसतात, ऐन पुरात टेंपो मिळत नाही आणि म्हैस पाण्यातून चालवत न्यायची तर रस्ता दिसावा लागतो. इशारा पातळी दिसली की जनावरं माळावर, असा नेम करून टाका. सोबत चार दिवसांचा चारा न्या. गोठ्यातला कडबा भिजला की बुरशी धरतो आणि तो घालता येत नाही.

आधीच एक काम करून ठेवा. प्रत्येक जनावराचा फोटो काढा, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर स्पष्ट दिसेल असा. नंतर पंचनाम्याला तो फोटो लागतो.

आणि जे लिहायला हात धजत नाही तेही लिहितो. हलवता आलंच नाही आणि स्वतःला निघावं लागतंय, तर दावं सोडा. गाठ ओली होऊन सुटत नसेल तर विळ्यानं कापा. जनावर पोहतं, पण दाव्याला बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. २०१९ ला पाणी ओसरल्यावर एका गोठ्यात मी जे पाहिलं, त्यात चारही दावी ताठ होती आणि खुंट्याला पक्की होती. मालक जवळ उभा होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, “मला वाटलं संध्याकाळपर्यंत येतो परत.”

१०. आप्पा-आक्का घर सोडायला तयारच होत नाहीत. समजावू कसं?

‘बुडून मराल’ असं सांगून कुणी हललेलं मी पाहिलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाला मरणाची भीती घालून उपयोग होत नाही, त्यांनी त्याचा विचार केव्हाच केलेला असतो. त्यांना दुसरं चित्र दाखवा: “आप्पा, तुम्ही थांबलात तर मला थांबावं लागणार, आणि रात्री पोरं घेऊन मी पाण्यात उतरणार.” हे खरं आहे, आणि खरं असल्यामुळेच ते पटतं. आमच्याकडे काकांना हलवलं ते नातीनं.

त्यांच्या मनातलं वाईटात वाईटही विचारून घ्या. कित्येकदा ते पाण्याबद्दल नसतंच. घर फोडलं जाईल, देवघरातले देव बुडतील, दुसऱ्याच्या घरी संडासाला कुठं जायचं, अशा गोष्टी असतात. देव पिशवीत घालून त्यांच्याच हातात द्या. जिथं नेणार तिथं कमोडची सोय आहे का ते आधी बघा. अर्धा नकार तिथंच संपतो.

११. घरात डायलिसिसचा पेशंट किंवा दिवस भरलेली बाई असेल तर?

तुमचा आकडा नदीवर ठरत नाही. दवाखान्याच्या रस्त्यावरचा पूल किंवा ओढा बंद होण्याआधी पलीकडे जाऊन राहायचं. अतिवृष्टीचा इशारा आला तरी पुरेसं कारण आहे. यात घासाघीस नको.

१२. उशीर झाला, गल्लीत कंबरभर पाणी आहे आणि धार आहे. वाईटात वाईट धरून आता लगेच निघू का?

हा प्रश्न नीट वाचा, कारण इथं हिशोब उलटा होतो. आधीच्या सगळ्या उत्तरांत थांबणं धोक्याचं होतं. आता निघणं जास्त धोक्याचं असू शकतं. वाहत्या पाण्यात उघडं गटार दिसत नाही, तुटलेली तार दिसत नाही, गुडघाभर धारसुद्धा माणसाला पाडते. वर पक्की गच्ची किंवा दुसरा मजला असेल तर मेन स्विच बंद करून वर जा. पिण्याचं पाणी, औषधं, बॅटरी आणि एखादं रंगीत फडकं घेऊन जा. ११२ ला किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवा आणि वाट पाहा. घर कच्चं असेल, मातीच्या भिंती असतील तर मात्र थांबू नका. शेजारच्या पक्क्या घरात जा, दोर धरून, एकमेकांना धरून.

बोट आली तरी ती किती माणसांची आहे ते बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि कितीतरी जण बुडाले, त्यात बायाबापड्या आणि लेकरं होती. ती माणसं सुटका होतेय म्हणूनच बोटीत बसली होती. पुढच्या फेरीला थांबण्याची हिंमत करावी लागते, आणि ती घरातल्या मोठ्यानं करावी.

१३. गाडीचं आणि दुकानातल्या मालाचं काय?

गाडी आदल्या दिवशी उंचावर. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं आणि विम्याचा दावा अडकतो. दुकानात खालच्या फळीवर नेहमी तोच माल ठेवा जो भिजला तर धुऊन विकता येतो.

१४. या पद्धतीला शास्त्रात काही आधार आहे का, की हे अनुभवाचे बोल आहेत?

दोन्ही. शक्यता किती हे माहीत नसताना प्रत्येक पर्यायाचं वाईटात वाईट टोक बघायचं आणि ज्याचं टोक सर्वात कमी वाईट असेल तो पर्याय घ्यायचा, हा नियम गणितज्ञ अब्राहम वाल्ड यांनी गेल्या शतकाच्या मध्याला नीट मांडला. पुढे १९५१ मध्ये लिओनार्ड सॅव्हेज यांनी त्याला वेगळं वळण दिलं: नुकसान किती यापेक्षा नंतर पश्चात्ताप किती होईल, तो मोजा. प्रश्न ८ मधला हिशोब या दुसऱ्या विचाराच्या जवळचा आहे. वाल्ड १९५० च्या डिसेंबरमध्ये भारतात व्याख्यानांसाठी आले असताना निलगिरीत विमान कोसळून गेले. अनिश्चिततेवर आयुष्यभर काम केलेल्या माणसाचा शेवट आपल्या देशात असा झाला, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

१५. मग प्रत्येकच निर्णय असा घ्यायचा का? पेरणी, कर्ज, पोराची नोकरी?

नाही. सगळीकडे हाच नियम लावला तर शेतकरी पेरणीच करणार नाही, कारण वाईटात वाईट धरलं तर पाऊस येतच नाही. दुबार पेरणीचं नुकसान जिव्हारी लागतं, पण पुढचं वर्ष असतं. जिथं चूक सुधारता येते, जिथं शक्यतेचा काही अंदाज आहे, तिथं नेहमीचा फायद्या-तोट्याचा विचार बरा. हा हिशोब फक्त तिथं, जिथं गेलेलं परत येत नाही आणि ठरवायला वेळ नसतो.

१६. हा विचार सुरू केला की थांबतच नाही. पावसाचा आवाज आला की छातीत धडधडतं, झोप लागत नाही.

पूर पाहिलेल्या पुष्कळ जणांचं असं होतं, माझ्या आईचंही झालं. तिला चित्र पुन्हा पुन्हा दिसायचं, पण चित्रापुढे काहीच ठरलेलं नसायचं. आकडा, पिशवी आणि कुणाकडे जायचं हे लिहून भिंतीला लावल्यावर तिची तगमग बरीच कमी झाली. तुम्हीही कागद पूर्ण करा आणि मग तो विषय बंद करा. दिवसातून दोनदा पातळी बघा, दर दहा मिनिटांनी मोबाइल नको. एवढं करूनही झोप येत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

१७. सगळं पटतं, पण मग घर विकून कायमचं वरच का जाऊ नये? वाईटात वाईट कायमचं टळेल.

पाण्याचं टळेल. पण तुमचं शेत, गिऱ्हाईक, शेजार, पोरांची शाळा इथं आहे, आणि तेही गेलं तर परत मिळत नाही. दोन्ही बाजूंना न भरून येणारं असलं की हा हिशोब उत्तर देत नाही. तिथं घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावं लागतं आणि त्यात बायकांचं मत शेवटी नाही, आधी विचारा, कारण पाणी ओसरल्यावर गाळ त्याच काढतात. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबानं अर्धं उत्तर काढलंय. गोठा आणि आई-वडिलांची खोली त्यांनी माळावर बांधली आणि स्वतः नदीकाठच्या जुन्या घरात राहिले. संध्याकाळची धार काढायला लेक सायकलवरून वर जाते आणि येताना कॅनमध्ये दूध आणते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तेही सगळे वरच असतात.